अर्धशिशी आणि झोप : एकाच दोरीची दोन टोके

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची कथा आहे. साकेत नगरीतील एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके सात वर्षे दुखत होते. मोठमोठे वैद्य थकले. जीवकाने औषधी तूप नाकातून देऊन तिला बरे केले. डोक्याला फडके बांधून कामाला लागणाऱ्या भगिनी आपल्या मावळातही आहेत. त्यांच्या दुखण्याला 'कामाचा कंटाळा' म्हणणे अन्यायाचे आहे. अर्धशिशी हा मेंदूचा आजार असून तो स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो.

झोप मोडली की डोके उठते आणि डोके उठले की झोप लागत नाही. सुट्टीच्या दिवशीची जादा झोपही झटका आणू शकते. म्हणून तळेगाव-चाकणकडे पाळ्या बदलत काम करणारे बांधव, पहाटेच्या लोकलने लोणावळ्याहून पुण्यास जाणारे आणि परीक्षेसाठी रात्री जागणारे विद्यार्थी यांनी विशेष जपावे. केवळ गोळी घेऊन भागत नाही. दोन्हींवर एकत्र उपाय हवा.

१. झोपण्या-उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. रात्रपाळी असल्यास दिवसा खोलीत अंधार करून झोपावे.

२. दुपारनंतर चहा टाळावा. झोप येत नसेल तर तळमळत न पडता उठून शांत बसावे. डोळे जड झाले की आडवे व्हावे.

३. झोपेचे तास, जेवणाची वेळ, पाळीचे दिवस आणि झटका यांची वही ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. दोन्ही तक्रारींवर चालणारी औषधे आहेत, पण ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत.

४. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

५. मोठ्याने घोरणे व सकाळी डोके जड असणे, अशी लक्षणे असल्यास तपासणी करावी. अचानक असह्य वेदना, ताप, हातापायांत अशक्तपणा किंवा बोलताना अडखळणे असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांपैकी काहींना उपाशी राहिल्याने झटका येतो. विनयाने आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध व गूळ अवेळीही घेण्याची मुभा दिली आहे. मग आजारी उपासकाने स्वतःवर कठोर का व्हावे?

भाज्याच्या विहारात भिक्खूंच्या लहान खोल्या व झोपण्याचे दगडी ओटे आजही दिसतात. निजायला अंधार आणि शांतता एवढेच तेथे होते. आपल्या घरात, विशेषतः सर्वांच्या शेवटी निजणाऱ्या माउलीला, तेवढे तरी आपण मिळवून देऊ या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!