ब्रॉयलरचे खाद्य : प्रथिने, वाढ आणि मांस

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पेंड महागली म्हणून लहान पिल्लांच्या खाद्यातील पेंड कमी करून मका वाढवला. विक्रीच्या दिवशी पक्षी वजनाला कमी भरले. वाचले त्याहून अधिक गमावले. आमचा विषय इतिहास असला तरी या प्रश्नाचा आम्ही अभ्यास केला. तोच येथे मांडत आहोत.

ब्रॉयलरचे पिल्लू जन्मतः सुमारे 40 ग्रॅमचे असते आणि सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. ही वाढ मुख्यतः स्नायूंची असते व स्नायू प्रथिनांतून घडतात. मात्र वयानुसार ही गरज घटत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 साली खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण पहिल्या तीन आठवड्यांसाठी 23 टक्के, सहाव्या आठवड्यापर्यंत 20 टक्के आणि पुढे 18 टक्के असे सुचवले.

मक्यात सुमारे 9 टक्के आणि सोयाबीन पेंडीत 45 टक्के प्रथिने धरली, तर 23 टक्क्यांसाठी शंभर किलो मिश्रणात मका 61 व पेंड 39 किलो लागते. 18 टक्क्यांसाठी मका 75 व पेंड 25 किलो पुरते. प्रत्यक्षात क्षार, जीवनसत्त्वे व तेल यांसाठी जागा ठेवावी लागते, पण हिशेबाची दिशा हीच.

प्रथिने कमी पडली की वाढ खुंटते. मक्यातून मिळालेली जादा ऊर्जा पोटात चरबी होऊन साठते आणि छातीचे मांस घटते. म्हणजे काट्यावर वजन दिसले तरी त्यात मांस किती, हे वेगळेच असते. उलट प्रथिने गरजेपेक्षा अधिक दिली, तर पक्षी त्यांतील नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून टाकतो. तूस ओले होते, शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पैसाही वाया जातो.

केवळ टक्केवारी पाहूनही भागत नाही. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी 1914 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, मक्यातील झेइन हे एकच प्रथिन दिल्यास वाढ होत नाही. कारण त्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले नसतात. सोयाबीन पेंड लायसिनची उणीव भरून काढते. मेथिओनिन मात्र तिच्यातही कमी असल्याने ते वेगळे घालावे लागते. छातीच्या मांसासाठी लायसिन विशेष महत्त्वाचे. ही दोन्ही योग्य प्रमाणात असतील, तर एकूण प्रथिने थोडी कमी करूनही चांगली वाढ मिळू शकते.

तात्पर्य, काटकसर करायचीच तर ती शेवटच्या आठवड्यांत करावी, पहिल्या तीन आठवड्यांत कदापि नव्हे. दर आठवड्याला काही पक्षी वजन करून पाहावेत, खाल्लेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागावे आणि तो आकडा वहीत लिहावा. पेंड वाचवल्याने खरोखर बचत झाली की नाही, हे ती वहीच सांगेल.