पाटोडी रश्शात केव्हा टाकायची

माजरी म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो आणि चंद्रपूर म्हटलं की वाघ. आमचं जेवण कुणाला आठवत नाही. त्यामुळे ताडोब्याच्या आसपास पर्यटकांसाठी स्वयंपाकाचे वर्ग भरू लागल्याचं कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. घरी बाहेरगावचे पाहुणे आले की हौसेनं त्यांना घेऊन जाऊ लागले. दर वेळी परतताना मन खट्टू व्हायचं. ते का, याचा विचार करता करता जे सुचत गेलं ते हे.

१. ओट्यावर कांदा आधीच चिरून ठेवलेला दिसला की पुढं काय होणार ते समजतं. मसाला वाटलेला, बेसन भिजवलेलं, कोथिंबीर निवडलेली. पाहुण्यांनी वाटी कढईत उपडी करायची, दोनदा झारा फिरवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. खरं म्हणजे आमच्या रश्शाचं सगळं मर्म त्या आधीच्या तासाभरात असतं. सुकं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, लवंग-मिरी हे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाची करपायची वेळ वेगळी. खसखस पाहता पाहता जळते, धण्यांना धीर लागतो. हे नाकानं शिकायचं असतं. माझा भाचा थायलंडला चियांग माईला असाच वर्ग करून आला. तिथं आधी बाजारात नेलं, मग प्रत्येकाला आपापली शेगडी आणि आपापला खलबत्ता दिला. हात भरून आले, असं तो सांगत होता. इथं आमच्या पाहुण्यांचे हात कोरडेच राहिले.

२. शिकवणारा एक आणि जाणणारी दुसरीच, असं बहुतेक ठिकाणी असतं. समोर पांढऱ्या टोपीतला तरुण आचारी, बाहेरच्या राज्यातून आलेला, गोड बोलणारा, कष्टाळू. मागं भांडी विसळत जवळच्या गावातली एक बाई. त्या दिवशी पाटोडी रस्सा होता. आचाऱ्यानं रस्सा उकळायला लागताच शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या बेसनाच्या पाटोड्या आत सोडायला घेतल्या. ती बाई हात पुसत पुढं आली. ‘‘आत्ताच नका टाकू जी साहेब, गारा होईल. पानं वाढली की टाका.’’ तिचं खरं होतं. शिजलेलं बेसन रस्सा पीत राहतं. लवकर टाकलं तर पाटोडी फुटते आणि तर्री नाहीशी होते. पाहुणे सगळे तिच्याकडं वळले. बेसन शिजलं हे कसं ओळखायचं? थापताना हाताला पाणी की तेल? ओवा किती? ती लाजत, पण नेमकी उत्तरं देत होती. कढईची कड सोडली आणि बोट लावल्यावर चिकटलं नाही की झालं, म्हणाली. अख्ख्या वर्गात माणसं शिकली ती एवढ्याच वेळात. मग आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती भांड्यांकडं परत गेली. मला त्या आचाऱ्याचा राग आला नाही. त्याच्या हाती छापील कागद देऊन त्याला उभं केलं होतं. राग आला तो अशा व्यवस्थेचा, जिला त्या बाईत मोलकरीण दिसली आणि शिक्षिका दिसली नाही. फलकावर आचाऱ्याचं नाव होतं, तिचं नव्हतं. तिला त्या दिवसाची मजुरी मिळणार होती, भांड्यांची.

३. चूल सारवलेली, रांगोळी काढलेली आणि थंडगार असते. स्वयंपाक बाजूच्या गॅसवर. धुराचा त्रास नको, हे मी समजू शकते. माजरीच्या क्वार्टरांमध्ये सकाळी कोळशाच्या शेगड्या दाराबाहेर पेटवून ठेवायच्या आणि धूर सरला की आत घ्यायच्या, हे आमच्या पिढीनं केलं आहे. गॅस आला तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. चुलीचे गोडवे मी गाणार नाही. पण मग ती चूल मांडायची कशाला?

४. भात मात्र मनाला लागला. थाळीत बासमती होता. ज्या जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या तुटपुंज्या शेतात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या निवडून वर्षानुवर्षं वाढवल्या आणि देशाला एचएमटी तांदूळ दिला, त्या जिल्ह्यात! तेव्हा लोकांना ठाऊक असलेल्या घड्याळाचं नाव त्या तांदळाला मिळालं आणि दादाजींचं नाव मागं पडलं. सन्मान झाले, पण पैसा फारसा हाती आला नाही. २०१८ मध्ये ते गेले. पाहुण्यांना ताटातल्या भाताबरोबर ही गोष्ट सांगितली असती तर ते आयुष्यभर विसरले नसते. मी जेवताना सांगितली. टेबलावरच्या एका मुलीनं लगेच विचारलं, मग आपण तो तांदूळ का खात नाही आहोत? वाढणाऱ्या मुलाकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं.

५. मोहाचे लाडू ‘जंगलची मेजवानी’ म्हणून आले. चव चांगली होती. पण मोहफूल झाडावरून तोडत नाहीत, ते रात्री-पहाटे आपोआप गळतं आणि उजाडताना वेचावं लागतं, हे कुणी सांगितलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये ज्या वेळी पर्यटकांच्या जिप्सी वाघ दिसावा म्हणून फाटकातून आत शिरतात, त्याच वेळी आसपासच्या गावांतल्या बायका वाघ दिसू नये म्हणून देवाचं नाव घेत झाडाखाली वाकलेल्या असतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हल्ल्याच्या बातम्या येत राहतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. लाडू खाताना पाहुण्यांचा घास कडू करावा असं माझं म्हणणं नाही. पण जंगलातलं अन्न शिकवायचं तर ते कोण आणि कशाच्या मोलानं आणतं, हे सांगितल्याशिवाय शिकवणं पुरं होत नाही.

६. तिखटाला सगळे उगाच घाबरतात. पाहुण्यांना सोसणार नाही म्हणून रस्सा इतका सौम्य केला होता की त्याला आमचा म्हणवेना. नागपूरच्या कोष्टी वस्त्यांतलं सावजी जेवण डोळ्यांत पाणी आणतं, तरी लोक रांगा लावतातच ना. विचारून तर बघा. माझ्याबरोबरच्या पाहुण्यांनी शेवटी ठेचा मागून घेतला.

७. हंगाम वर्गाच्या वेळापत्रकात बसत नाही, हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. पर्यटक येतात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पावसाळ्याचे तीन महिने ताडोब्याचा गाभा बंद असतो. आणि आमच्या रानाचं स्वयंपाकघर उघडतं नेमकं तेव्हाच. पहिल्या पावसासरशी तरोटा उगवतो. मग काटवलं, धोप्याची म्हणजे अळूची पानं, विजा कडाडल्या की सात्या म्हणजे अळंबी, बांबूचे कोवळे वास्ते. वास्ता बारीक चिरून पाण्यात ठेवायचा, उकळून ते पाणी फेकायचं, तेव्हा कुठं त्याचा कडूपणा जातो. नुसता फोडणीला टाकला तर पोटाला बाधतो. कोणती सात्या खायची आणि कोणतीला हात लावायचा नाही हे तर पुस्तकातून शिकूच नये, जाणत्या माणसाबरोबर जावं. यातलं काहीही जानेवारीतल्या वर्गात येऊ शकत नाही, म्हणून तिथं पनीर येतं आणि त्यालाच ‘आदिवासी थाळी’ म्हणतात.

पाहुण्यांना मी आता ऑगस्टातच या म्हणते. बफरची काही फाटकं तेव्हाही उघडी असतात, वाघाची खात्री कुणी देत नाही. भद्रावतीच्या बाजारात सकाळी लवकर पोचलं तर खेड्यातून आलेल्या बायका रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या असतात. घाई नसली की त्या भाजी कशी करायची ते विकतानाच सांगतात. मात्र वाटा घ्यावा, भाव पाडू नये, आणि सांगितल्याचे वेगळे पैसे हातावर ठेवावेत. मागच्या खेपेला एकीनं ते परत केले, मग मी दुसरा वाटा घेतला.