पावसाच्या आकड्यावर पैसे : विमा, वायदा की जुगार?

घाटकोपर स्टेशनजवळ छत्र्या, रेनकोट आणि ताडपत्री विकणाऱ्या एका वाचक बंधूंनी आमच्याकडे प्रश्न पाठविला आहे. ते दरवर्षी मे महिन्यात अब्दुल रहमान स्ट्रीटवरून सुमारे दीड लाखाचा माल ४५ दिवसांच्या उधारीवर उचलतात. २०२३ साली मुंबईत मान्सून २५ जूनला आला. उधारीची मुदत संपत आली तरी निम्म्याहून अधिक माल दुकानात पडून होता, आणि शेवटी त्यांना व्याजाने पैसे घेऊन घाऊक व्यापाऱ्याची रक्कम चुकती करावी लागली. आता कोणी त्यांना सांगितले आहे की, परदेशात पावसाच्या आकड्यावर पैसे लावण्याचे बाजार आहेत. ते विचारतात, "मी जुगारी नाही. पाऊस कमी पडला तर माझे जे नुकसान होते, तेवढेच मला भरून काढायचे आहे. मग हे हराम कसे?"

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून ‘हराम आहे’ असे दोन शब्द लिहून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही.

प्रथम हे बाजार चालतात कसे ते पाहू. अमेरिकेत काल्शी नावाचा असा एक बाजार २०२१ पासून सुरू आहे. तेथे एखाद्या घटनेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ असा करार विकत घेता येतो. समजा ‘होय’ या कराराचा भाव ३० सेंट आहे. घटना घडली तर एक डॉलर मिळतो, घडली नाही तर ३० सेंट बुडतात. निवडणुका, व्याजदर, तापमान यांबरोबरच ‘या महिन्यात देशात टोर्नेडो किती होतील’ यावरही तेथे पैसे लागतात. टोर्नेडो म्हणजे ढगातून निघून जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भयंकर भोवरा. ज्याचे घर त्यात उडून गेले त्याचा या हिशेबाशी काही संबंध नसतो. हिशेब केवळ महिन्याच्या बेरजेचा.

मुंबईला हा प्रकार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथे पावसावर उघड जुगार चाले आणि त्याचे दोन प्रकार होते. ‘कलकत्ता मोरी’मध्ये वाळूच्या पेटीतून ठरलेल्या वेळात पावसाचे पाणी झिरपते की नाही यावर पैसे लागत, ‘लाकडी सट्ट्या’त छपराची पन्हळ भरून वाहते की नाही यावर. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा याला पुरा पडेना, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरील पैजाही त्याच्या कक्षेत आणण्यात आल्या. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर याच शहरात आकडा लागू लागला आणि त्यातूनच मटका जन्माला आला. कापसाची एक गाठही न पाहिलेले हजारो लोक त्यात बुडाले. (या गिरणगावच्या इतिहासावर पुन्हा कधी तरी लिहू.)

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जून २०२५ मध्ये कांजूरमार्ग येथे कार्यालय असलेल्या एनसीडीईएक्स या कृषिमालाच्या वायदेबाजाराने भारतीय हवामान खात्याशी पावसावर आधारित वायदे तयार करण्यासाठी करार केला. सरकारमान्य वायदेबाजार आणि मोबाईलवर खेळला जाणारा पैशाचा खेळ कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत. दुसऱ्या प्रकारावर ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली आहे. त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, ‘मतांच्या व्यवहारा’पासून सावध राहण्याचा इशारा सेबीनेही दिला होता. तेव्हा आमच्या बंधूंनी परदेशी बाजाराचा विचार कायद्याच्या कारणानेच सोडून द्यावा.

पण समजा, कायद्याची अडचण नाही. त्यांचे नुकसान खरोखर भरून निघेल काय? आम्हाला तसे वाटत नाही.

पहिली गोष्ट, आकडा कोणत्या ठिकाणचा? मुंबईत हवामान खात्याच्या दोन वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहराचे एकाच दिवसाचे हे दोन आकडे! घाटकोपरचे गिऱ्हाईक घाटकोपरचा पाऊस पाहून छत्री घेते, वेधशाळेचा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. महिन्याची बेरीज वेळ लपवते. २०२३ चाच जून घ्या. २५ तारखेपर्यंत धंदा बुडाला, पण नंतरच्या पाच-सहा दिवसांत इतका पाऊस कोसळला की महिन्याची कसर बहुतांशी भरून निघाली. ‘जूनचा पाऊस कमी पडेल’ यावर ज्याने पैसे लावले असते त्याचा मालही पडून राहिला असता आणि पैसेही गेले असते. टोर्नेडोचेही तसेच. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत सुमारे ७५० टोर्नेडो झाले, त्यांतील साडेतीनशेच्या घरात २५ ते २८ या चार दिवसांत. २४ तारखेपर्यंत मांडलेला अंदाज चार दिवसांत कवडीमोल झाला असणार. शिवाय आरंभीचे अहवाल कच्चे असतात; एकच टोर्नेडो दोनदा नोंदला जातो आणि पक्का आकडा काही महिन्यांनी निघतो.

आता शरीअतकडे वळू. सूरह अल-माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराला सैतानी कृत्यांत गणून त्यापासून दूर राहण्याची आज्ञा आहे. परंतु आमच्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत अधिक नेमके मिळते. जुगारात लोकांसाठी काही लाभ आहेत हे तेथे नाकारलेले नाही, मात्र त्याचा अपराध लाभाहून मोठा ठरविला आहे. म्हणजे ‘मला फायदा होतो’ एवढ्याने व्यवहार हलाल होत नाही. १९९२ मध्ये जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निर्देशांकाची खरेदी-विक्री निव्वळ जुगार ठरविली, कारण त्यात प्रत्यक्ष वस्तू कोणतीच नसते. पावसाची बेरीज हाही एक निर्देशांकच. आमच्या बंधूंच्या समोर बसलेल्या माणसाकडे ना छत्री, ना शेत. एकाला मिळेल तेच दुसऱ्याचे जाईल. आणि छत्र्या खपल्या तरी आकडा जुळला की पैसे मिळणार, मग याला नुकसानभरपाई म्हणायचे कसे? आमचे मत नाहीचे आहे. अंतिम निर्णय त्यांनी आपल्या विश्वासू आलिमांकडून घ्यावा.

तर मग करायचे काय? आमच्या मते जोखीम वेधशाळेच्या आकड्याशी न बांधता मालाशी बांधावी. बाजारात ‘जांगड’ माल देण्याची रीत जुनी आहे. विकेपर्यंत माल घाऊक व्यापाऱ्याचाच राहतो, दुकानदार ठरलेले कमिशन घेऊन तो विकतो आणि उरलेला परत करतो. फिक्हमध्ये यालाच वकालत म्हणतात. यात पाऊस उशिरा आला तर माल परत जातो, उधारीची मुदत डोक्यावर बसत नाही आणि व्याजाचे दार उघडत नाही. नफा कमी मिळतो हे खरे. उधारीच्या मालावर जेवढे सुटते तेवढे जांगडमध्ये सुटत नाही, आणि घाऊक व्यापारीही सगळ्यांना देत नाही. ओळख आणि व्यवहाराची साख लागते.

दुसरा मार्ग आठ-दहा दुकानदारांच्या सामायिक निधीचा. प्रत्येकाने दरमहा ठरावीक रक्कम मदत म्हणून द्यायची, परतीच्या अपेक्षेने नव्हे. कोणाचे खरेच नुकसान झाले तर दोघा-तिघांनी दुकानात जाऊन माल मोजायचा आणि त्या प्रमाणात मदत करायची. तकाफुलचे मूळ हेच आहे. वेधशाळा काय म्हणते हा प्रश्न येथे येतच नाही. एक उणीव मात्र आहे. सगळेच छत्र्या विकणारे असतील तर सगळे एकाच वेळी अडचणीत येतील. म्हणून निधीत फळवाले, शिंपी, हार्डवेअरवाले असे वेगवेगळ्या धंद्यांचे लोक हवेत.

घाटकोपरच्या बंधूंना आम्ही हे कळविले. त्यांचा घाऊक व्यापारी अर्धा माल जांगड द्यायला तयार झाला आहे, अर्धा रोखीने. कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या असे आम्ही सुचविले आहे : परतीची तारीख, नगामागे कमिशन, आणि दुकानात पाणी शिरून माल भिजला तर तो कोणाचा. वकालतीत दुकानदार हा अमानतदार असतो, त्याच्या हलगर्जीपणाशिवाय झालेले नुकसान मालकाचे. हे तिसरे कलम लिहायला घाऊक व्यापारी अजून राजी झालेला नाही.