सीमा सरकली, करार राहिले

सीमाप्रश्नाची चर्चा आपल्याकडे घरोघरी चालते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (१९७३ पासून कर्नाटकात) गेला, तेव्हा अर्धवट राहिलेल्या सरकारी बांधकामांचे पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही तो येथे विचारणार आहोत.

अशी कल्पना करू या की, निपाणीच्या एका कंत्राटदाराने मुंबई सरकारशी करार करून दवाखाना बांधावयास घेतला आहे. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या, गवंड्यांची मजुरी थकली, आणि मालकच बदलला! नवे सरकार म्हणेल, "सही आमची नव्हे." जुने म्हणेल, "इमारत आमची नव्हे."

संसदेने ही अडचण आधीच हेरली होती. राज्यपुनर्रचना कायद्याचे ८७ वे कलम असे सांगते की, कराराचा उद्देश आता एकाच उत्तराधिकारी राज्यापुरता उरला असेल, तर तो करार त्याच राज्याने केला असे मानावे. हक्क आणि देणी दोन्ही त्याच्याकडे जातात. न्यायालयाने किंवा लवादाने पुढे देवविलेली रक्कमही त्यातच येते. अर्थात दवाखान्याचे बिल म्हैसूरकडे.

खरी गुंतागुंत निराळीच आहे. जुन्या बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला. मग चंदगड आणि बेळगाव या दोहोंच्या उपयोगाच्या कामाचा एकच करार असेल तर? तो प्रथम मुख्य उत्तराधिकारी राज्याचा, म्हणजे मुंबईचा, धरावयाचा. दोन्ही राज्यांनी आपसांत हिशेब मिटवावा. न मिटल्यास केंद्र सरकारने आदेश द्यावा. कंत्राटदाराने दोन राजधान्यांच्या वाऱ्या कराव्यात, अशी पाळी कायद्याने येऊ दिली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

मात्र मूळ करारच रीतसर नसेल तर? संविधानाच्या २९९ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने, अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हातूनच व्हावा लागतो. साहेबांचा तोंडी होकार पुरत नाही. बंगालमध्ये १९४४ साली बी. के. मंडल यांच्या पेढीने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आरामबाग येथे पुरवठा खात्याची गुदामे बांधली. रीतसर करार नव्हता. सरकारने पैसे नाकारले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने करार मानला नाही, पण १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम लावले: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने मोबदला दिलाच पाहिजे.

तेथे ठरलेला दर चालत नाही, कामाचे वाजवी मोल ठरवावे लागते. म्हणून असा दावा हाती घेताना वकील प्रथम लेखी हुकूम आणि मोजमापाची वही मागतो. वहीत नोंद नसलेली भिंत डोळ्यांसमोर उभी असली, तरी ती कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बांधली, यासाठी साक्षीदार शोधावे लागतात.