सेवेचंही शिक्षण असतं

पालकहो, मोठ्या सरकारी रुग्णालयात कधी कोणाला घेऊन जायची वेळ आली असेल, तर जरा आठवून पाहा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, खर्चाचा आकडा ऐकून हातपाय गळालेत आणि रेशनकार्ड नेमकं गावी राहिलंय. अशा वेळी कोणीतरी म्हणतं, "सोशल वर्करला भेटा." एका लहानशा खोलीतली बाई आधी तुम्हाला बसायला सांगते. कोणती योजना लागू होईल, कोणता कागद कमी पडतोय, कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, हे सगळं ती समजावते. आणि तुम्ही उठताना विचारते, "घरी मुलांपाशी कोण आहे?" दारावर पाटी असते, 'समाजसेवा अधीक्षक'. आपण ती वाचत नाही. काम झालं की तिला दुवा देतो, घरी येतो आणि बारावी झालेल्या मुलीला म्हणतो, "आर्ट्सला जाऊन करणार काय?"

मी तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न टेबलापलीकडून रोज ऐकते. विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. हप्ते फेडणाऱ्या घराला पगाराची चिंता असणारच. पण त्या प्रश्नाच्या पोटात दोन समज दडलेले असतात आणि ते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला समज, लोकांच्या उपयोगी पडायला चांगलं मन पुरतं, शिकावं लागत नाही. दुसरा त्यातूनच निघतो: जे शिकावं लागत नाही, त्याला मोल कशाला द्यायचं?

चांगलं मन पुरतं का, ते आधी पाहू. जेरू बिलिमोरिया मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत होत्या. रस्त्यावर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांशी त्यांची ओळख झाली. अडचण आली की ही मुलं रात्री-अपरात्री त्यांच्या घरी फोन करू लागली. मनाने चांगल्या माणसाने काय केलं असतं? प्रत्येक फोनला धावून गेला असता आणि वर्षभरात थकून बसला असता. त्यांनी विचार वेगळा केला. शहरात पोलीस आहेत, दवाखाने आहेत, रेल्वे आहे, बालगृहं आहेत. पण घाबरलेल्या मुलापासून त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता नाही. तो रस्ता बांधायला हवा. १९९६ मध्ये संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. क्रमांक १०९८. दहा, नऊ, आठ अशी उलटी मोजणी, म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलालाही पाठ व्हावी. मुंबईतला तो प्रयोग पुढे देशभर पोहोचला. एका मुलाचं दुःख पाहून डोळे कोणाचेही भरून येतात. हजारो मुलांच्या दुःखामागची तुटलेली साखळी दिसायला मात्र समाजाचा अभ्यास लागतो.

याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरी मार खाऊन आलेली बाई पोलिसांच्या दारात उभी राहते, तेव्हा तक्रार लिहून घेण्याआधी तिचं ऐकून घेणारं माणूस तिथेच असावं, ही कल्पना. ती टिकली आणि महाराष्ट्रभर पसरली. "जाऊ दे, संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच," हे सांगायला प्रशिक्षण लागत नाही, ते शेजारीही सांगतात. तसं न सांगणं, बाईला नेमकं काय हवंय ते तिच्याच तोंडून येऊ देणं आणि तिचा निर्णय आपण न घेणं, हे शिकावं लागतं.

आता साताऱ्याच्या माण तालुक्यात चला. म्हसवड, दुष्काळी मुलूख. मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर इथे राहायला आल्या. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांना म्हणाली, पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायचीय, त्यासाठी पैसे साठवायचेत, पण बँक खातं उघडून देत नाही. मग बायकांचीच बँक काढायची ठरली. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका निराश होऊन बसल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशोब त्या बायकांच्या डोक्यात आधीपासून होता. सहकारी बँक कशी उभी राहते, कोणत्या दारात काय मांडायचं, हे अर्थशास्त्र शिकलेल्या बाईला माहीत होतं. दोघींपैकी एक नसती, तर बँक झाली नसती.

ही आजची टूम आहे असंही समजू नका. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आपण विठ्ठलराव विखे पाटलांच्या नावाने ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण त्या शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. आणि बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो, पण त्यांची मुंबईतली पदवी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची होती. जातिसंस्था कशी घडली, यावरचा निबंध त्यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. वय पंचवीस. म्हणजे आपण ज्याला 'नुसतं आर्ट्स' म्हणतो, त्यानेच या राज्याला बरंच काही दिलंय.

तुम्ही म्हणाल, मॅडम, ही मोठी माणसं झाली. आमच्या पोरीचं काय?

तिच्यासाठीही वाटा आहेत. बीए नंतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलेली मुलं रुग्णालयांत, कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक म्हणून, निरीक्षणगृहांत परिविक्षा अधिकारी म्हणून, व्यसनमुक्ती केंद्रांत, बचतगटांच्या 'उमेद' अभियानात काम करतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पाडलं. तो पैसा नीट खर्च झाला का, गावाला खरोखर काय मिळालं, हे मोजणारी माणसं त्यांना लागतात. समाजकल्याण आणि महिला व बालविकास खाती आहेत, स्पर्धा परीक्षा आहेत. शिकायची ठिकाणंही नवखी नाहीत. टाटा संस्था १९३६ ची आणि तिचा एक परिसर थेट तुळजापुरात आहे. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची.

आता कडू गोष्टही सांगते, नाहीतर हे हितगुज कसलं! यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. निधी अडकला की पगार अडकतो. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून संध्याकाळी जेवण जात नाही असे दिवस येतात. आणि सेवा म्हटलं की "पगार कशाला मागता?" असं म्हणणारे महाभाग संस्थांतही भेटतात. मुलीला सांगा, सेवा करणाऱ्यालाही भाडं भरावं लागतं. पगाराची बोलणी करताना लाजायचं नाही.

म्हणून तुम्ही चार गोष्टी करा. एक, तिला का जायचंय ते शांतपणे विचारा. "सायन्स जमत नाही म्हणून" असं उत्तर आलं, तर घाई करू नका. पण "गावात दारूबंदीच्या सभेला गेले होते, तेव्हापासून वाटतंय" असं आलं, तर कान देऊन ऐका. दोन, सुट्टीत एखाद्या संस्थेत महिनाभर काम करू द्या. एमएसडब्ल्यूला फील्डवर्क असतंच. त्याची चव आधी घेतलेली बरी, न रुचलं तर महिनाच गेला. तीन, आकडेवारी, संगणक आणि अहवाल लिहिण्यापुरती मराठी-इंग्रजी पक्की करून घ्या. कळवळा आहे पण अहवाल लिहिता येत नाही, अशी मुलं मागे पडतात. चार, मुलगा असेल तर "घर कसं चालवशील" आणि मुलगी असेल तर "स्थळं कशी येतील" हे प्रश्न निदान पदवी होईपर्यंत खुंटीला टांगून ठेवा.

एक अनुभव सांगून थांबते. एका विद्यार्थिनीचे वडील प्रवेशाच्या वेळी माझ्याशी चांगलेच भांडले होते. "बीए करून पोरगी घरीच बसायची, त्याचा फॉर्म तुम्ही भरताय," असं म्हणाले होते. ती पुढे एमएसडब्ल्यू झाली. आज तालुक्याच्याच रुग्णालयात समुपदेशक आहे, कंत्राटीच. परवा वडील बाजारात भेटले. मी जरा भीतभीतच विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "पगार कमीच आहे हो. पण रविवारी सकाळपासून माणसं घरी येतात. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या पोराचं. ही ओट्यावर बसून ऐकत असते." मग थोडं थांबून म्हणाले, "चहा मीच टाकतो."

त्यांची तक्रार संपलेली नाही आणि ती रास्त आहे. तिच्या पगारासाठी सरकारशी भांडायला हवं, मुलीशी नाही. यंदा फॉर्म भरताना एवढं एक करा. "आर्ट्सला जाऊन काय करणार?" हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत समोर बसून राहा.