सफरचंदाच्या बागेत जाणाऱ्यांसाठी चार कानमंत्र, आणि थोडे जास्तीचे

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या घराघरांतून विचारणा सुरू होते, ‘सफरचंदं तोडायला कुठं जायचं?’ कुठं ते सांगणारे पुष्कळ भेटतात. जाऊन काय करायचं आणि काय नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. नव्यानं आलेल्या पोरासोरांनी आणि सुनांनी ते माझ्याकडून ऐकून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

सफरचंदात वॉशिंग्टननंतर देशात दुसरा नंबर बहुधा न्यू यॉर्क राज्याचा. आपल्याला जवळ पडणारं हडसन नदीचं खोरं म्हणजे ऑरेंज, अल्स्टर, डचेस आणि कोलंबिया या काउंट्या. एडिसनकडून निघालं तर दीड ते अडीच तासांत पोचता येतं. इथल्या कितीतरी बागा पिढ्यान् पिढ्या एकाच घराच्या हातात आहेत. गल्ल्यावर बसलेली आजी, ट्रॅक्टर चालवणारा मुलगा, डोनट तळणारी सून असा कारभार असतो. त्यांची वर्षाची कमाई बहुतेक या दीड-दोन महिन्यांवर अवलंबून असते. म्हणून पहिली गोष्ट ही की, तिथं पाऊल टाकाल ते कुणाच्या तरी घरी आणि शेतात आलो आहोत या जाणिवेनं टाका.

आधी फळ ठरवा, मग तारीख

सगळी सफरचंदं एकदम तयार होत नाहीत. ऑगस्टअखेरीला पॉला रेड, जिंजर गोल्ड येतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मॅकिंटॉश आणि गाला, त्यांच्या मागोमाग हनीक्रिस्प. महिनाअखेरीला कोर्टलँड, एम्पायर आणि मॅकून. ऑक्टोबरात गोल्डन डिलिशस, जोनागोल्ड, मुत्सू, आणि शेवटी फुजी, ग्रॅनी स्मिथ, नॉर्दर्न स्पाय. मुलांना हनीक्रिस्प हवं असेल आणि तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर गेलात, तर झाडं रिकामी दिसतील. त्यात कोणाचाच दोष नसतो. निघायच्या आदल्या दिवशी बागेत फोन करा आणि आज कोणत्या ओळी तोडायला खुल्या आहेत, एवढंच विचारा.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी आणि तिच्या आधीचे शनिवार-रविवार शक्यतो टाळा. सगळं न्यू यॉर्क त्याच रस्त्यावर असतं. मधल्या वारी सकाळी गेलात, तर मालकाला चार शब्द बोलायलाही सवड असते.

पाय झाकून जा

सकाळचं गवत दवानं ओलं असतं आणि त्यात हरणांवरची गोचीड असते. तिच्यापासून लाइमचा आजार होतो. थंडी पडली म्हणजे ती गेली असं नाही, मोठी गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातही चांगली जागी असते. लांब पँट घाला, मोजे वर ओढा. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे, केसांत हात फिरवून बघा. 24 तासांच्या आत ती चिमट्यानं सरळ ओढून काढली, तर धोका फार कमी राहतो.

लाल रंगाला भुलू नका

फळ लाल झालं म्हणजे पिकलं, असं नाही. लाली उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं चढते. खरा रंग तिच्या खालचा. देठाच्या खळग्यापाशी आणि सावलीतल्या बाजूला बघा. तिथला हिरवा रंग उतरून पिवळट झाला असेल, तर फळ पाडाला आलं. झाडाच्या बाहेरच्या, उन्हातल्या फांद्यांवरची फळं आधी तयार होतात, आतली मागून. एक फळ कापून बघायला मिळालं तर बी बघा, पिकलेल्या फळात ती तपकिरी असते. ग्रॅनी स्मिथला मात्र ही रंगाची परीक्षा लावू नका, ते हिरवंच तोडतात.

ओढू नका, वर उचला

हे सगळ्यांत महत्त्वाचं. फळाचा देठ फांदीला जिथं मिळतो, तिथं एक आखूड, जाडसर, सुरकुत्या पडलेली खुंटी असते. नीट निरखून बघा, तिच्यावर एखादा फुगीर, किंचित लवदार डोळा दिसेल. तो पुढच्या वर्षीच्या फुलांचा. उन्हाळ्यातच तो झाडानं तयार करून ठेवलेला असतो. फळ खाली खेचलं की ही खुंटीच उपटून येते आणि पुढच्या वर्षीचं फळ तिथंच संपतं. म्हणून सफरचंद तळहातात धरा, बोट देठापाशी टेकवा, फळ वर उचलून जरासं फिरवा. तयार असेल तर देठासकट अलगद हातात येतं. येत नसेल तर त्याची वेळ झालेली नाही, राहू द्या.

मुलांना हे आधी शिकवा आणि मगच पिशवी द्या. फांदीवर चढणं, झाड हलवणं नको. आताची झाडं बुटक्या खुंटावर कलम केलेली असतात, त्यांची मुळं उथळ असतात आणि तारेच्या आधारावर ती उभी असतात. फळ पिशवीत टाकू नका, ठेवा. आज दिसत नाही, पण आपटलेल्या जागी आठवड्याभरात तपकिरी डाग उमटतो.

खाली पडलेलं फळ खाली राहू द्या

वाया जातंय म्हणून आपला जीव हळहळतो, ते मला कळतं. पण त्याच गवतात हरणं फिरतात, त्यांची विष्ठा पडते, तिच्यातले जंतू फळाला लागतात. शिवाय सडक्या फळांवर गांधीलमाश्या बसलेल्या असतात. मुलांच्या हातातल्या रसाच्या पेल्यातही त्या शिरतात, प्यायच्या आधी बघत जा.

माप समजून घ्या आणि पुरते पैसे द्या

तिथला हिशेब पेक आणि बुशेलचा. बुशेल म्हणजे साधारण 42 पौंड, 19 किलोच्या आसपास. पेक त्याचा चौथा भाग, म्हणजे पावणेपाच किलो. चौघांच्या घराला एक पेक पुष्कळ झाला. पिशवी आधी विकत घ्यायची रीत असेल, तर ती वरपर्यंत भरा, पण वर ढीग रचून आणि खिसे फुगवून निघू नका. चवीला एखादं फळ खाऊ देतात, पण झाडाखाली बसून जेवण उरकायचं नसतं. घासाघीसही नको. भाव पाटीवर लिहिलेला असतो, तोच भाव.

डागी फळाकडे तोंड फिरवू नका

18 मे 2023 च्या पहाटे न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंडमधल्या बागांवर कडाक्याची थंडी कोसळली. बहर नुकताच सरत होता, फळं धरत होती. एका रात्रीत कित्येकांचा हंगाम करपला. बहरात पारा उणे 2 अंश सेल्सियसला आला की फुलं मरायला लागतात आणि उणे 4 ला बहुतेक सगळी जातात. जी फळं अशा रात्रीतून वाचतात, त्यांच्या सालीवर कधी कधी तपकिरी, खरबरीत कडं उमटतं. आतला गर उत्तम असतो. स्कॅब या बुरशीचे काळपट ठिपकेही बहुधा सालीपुरतेच असतात. असा माल ‘सेकंड्स’ म्हणून स्वस्तात ठेवलेला असतो. साखरांब्याला, लोणच्याला, शिऱ्याला तोच घ्या.

‘ऑर्गॅनिक आहे का?’ हा प्रश्न आपली मुलं पहिला विचारतात. या दमट हवेत बुरशी आणि किडी इतक्या, की काहीच न फवारता सफरचंद पिकवणं फार अवघड. त्यापेक्षा काय फवारलं, शेवटची फवारणी कधी केली, असं विचारा. चांगला बागायतदार आनंदानं सांगतो. फळं मात्र धुऊनच खा.

सायडर आणि डोनट

इथं नुसतं सायडर म्हटलं की न गाळलेला, गढूळ, गोड रस. दारू असेल तर ‘हार्ड’ लिहिलेलं असतं. बाटलीवर ‘पाश्चराइज्ड’ आहे का, ते वाचा. रसावर प्रक्रिया झालेली नसेल, तर गरोदर सुनेला, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना तो उकळूनच द्या. सुंठ, दालचिनी, चार लवंगा घालून उकळला तर थंडीत फार छान लागतो. सायडर डोनटमध्ये बहुधा अंडं असतं आणि काही ठिकाणी तळणीला प्राण्यांची चरबी वापरतात. शाकाहारी माणसांनी संकोच न करता विचारावं.

स्टँडवर आपल्या सणांचा बाजार

हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. शेतावरच्या स्टँडवर या दिवसांत शेवंतीच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी झेंडूही मिळतो. दसरा याच सुमाराला येतो. पहिली गोठवणारी रात्र झाली की झेंडू काळा पडतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. घारग्यांसाठी शोभेचा मोठा भोपळा घेऊ नका, तो पाणचट आणि धाग्यांचा असतो. ‘शुगर पंपकिन’ किंवा बटरनट स्क्वॉश घ्या.

काही स्टँडवर माणूसच नसतो. टेबलावर माल, बाजूला पैशांची पेटी. सुटे पैसे जवळ ठेवा आणि हिशेबाला कमी पडू नका. मुलं बघत असतात.

घरी आणल्यावर

सफरचंदं फळ्यांवर शोभेला मांडू नका, फ्रिजमध्ये ठेवा. ती जो वायू सोडतात, त्यानं मेथी-कोथिंबीर पिवळी पडते, म्हणून त्यांचा कप्पा वेगळा करा. डाग पडलेलं आधी संपवा. मॅकिंटॉश लवकर मऊ पडतं, ते शिजवायला घ्या. कोर्टलँड चिरल्यावर लवकर काळं पडत नाही, ते कोशिंबिरीला. ग्रॅनी स्मिथ लोणच्याला. फुजी मागे ठेवा, ते महिनोन् महिने टिकतं.

एक बाग धरून ठेवा

दर वर्षी नवी बाग बघायची हौस सोडा. एकच निवडा आणि तिथंच जात राहा. गारपिटीच्या वर्षी, थंडीनं मार दिलेल्या वर्षी तर नक्की जा. तेव्हा तोडायला झाडावर काही नसलं, तरी स्टँडवर मध, जॅम, भोपळे असतातच, ते घ्या. पुष्कळ ठिकाणी नोव्हेंबरातही शीतगृहातला माल विकायला असतो, दिवाळीनंतरची पेटी तिथून आणा. मे महिन्यात बहर बघायला जमलं तर जा. घरं बांधणारे या जमिनींवर टपून आहेत. शहरालगतची बाग टिकवायची, तर तिला वाईट वर्षातही येणारी गिऱ्हाइकं लागतात. मालकाची पुढची पिढी शेतात राहील की जमीन विकून मोकळी होईल, हे ठरताना असा गल्लाही मोजला जातो. त्या गल्ल्यात आपल्या घरचे पैसे दर वर्षी पडत राहोत.