सगळे बल्ब बदलू नका, आधी मोजा! जुन्या पिनबॉल मशीनमधून शिकायचा खर्चाचा धडा



व्हिडिओत आपण जुन्या पिनबॉल मशीनचे बल्ब काढून एलईडी बसवताना पाहिलं. घाईत राहिलेला हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, तुमचं शिकागोत छोटं कॅफे आहे. शिकागो म्हणजे पिनबॉलचं माहेरघर. बॅली, विल्यम्स, गॉटलिब या कंपन्या तिथल्याच. कोपऱ्यात १९७८ च्या सुमाराचं बॅलीचं एक मशीन आहे. लोक नाणी टाकतात, खेळतात, कॉफी घेतात. कुणीतरी सांगतं, "सगळे एलईडी टाका, वीज वाचेल." तुम्ही लगेच शंभर एलईडी मागवता. इथेच चूक होते.

पायरी १ : मोजणी

मशीनमध्ये दोन मुख्य प्रकारचे दिवे असतात. पहिला, सर्वसाधारण उजेडाचे दिवे. मशीन चालू असलं की हे जळतच राहतात, मग नाणं पडो न पडो. दुसरा, खेळाचे दिवे. बॉल जिथे लागेल त्याप्रमाणे ते पेटतात-विझतात. दोन्ही वेगवेगळे मोजा. बल्बवरचा नंबर वाचा. ४४ किंवा ४७ असेल तर तो पिनचा, दाबून फिरवायचा. ५५५ असेल तर काचेच्या बुडाचा, गाडीच्या पार्किंग लाइटसारखा सरळ दाबून बसणारा.

पायरी २ : हिशोब

४४ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टवर ०.२५ अँपिअर घेतो, म्हणजे साधारण १.६ वॉट. सतत जळणारे ५० बल्ब धरले तर सुमारे ७९ वॉट. एलईडी प्रत्येकी ०.३ वॉटचा धरला तर १५ वॉट. वाचले ६४ वॉट. रोज १२ तास मशीन चालू असेल तर महिन्याला साधारण २३ युनिट. आता तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि एलईडीच्या खर्चाशेजारी मांडा. नुसत्या विजेवर पैसे वसूल व्हायला बराच काळ लागतो, हो ना?

मग एलईडी कशासाठी? उष्णतेसाठी! मशीनच्या उभ्या काचेवरचं चित्र काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेलं असतं आणि बल्ब त्याच्या पाठीमागेच असतात. वर्षानुवर्षं ती धग लागून रंगाचे पापुद्रे सुटतात. बल्ब दोन मिनिटांत बदलता येतो, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा गेलेला रंग परत येत नाही. आणि मशीनची किंमत या काचेवर बरीच ठरते. म्हणजे इथे तुम्ही वीज वाचवत नाही, भांडवल वाचवताय.

पायरी ३ : स्वस्त पर्याय आधी बघा

४७ नंबरचा साधा बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतो आणि ०.१५ अँपिअरच घेतो. म्हणजे ४० टक्के कमी. उजेड थोडा मंद, पण रूप अगदी जुन्यासारखं, आणि एलईडीपेक्षा खूप स्वस्त. बजेट कमी असेल तर काचेमागे एलईडी आणि बाकी ठिकाणी ४७ बसवा. यात कमीपणा काही नाही.

पायरी ४ : एक-एक लावून बघा

प्रत्येक प्रकारचे दोन-तीनच नग आधी मागवा. कारण :

- सर्वसाधारण दिव्यांना एसी प्रवाह मिळतो. साध्या बल्बची तार गरम राहते, म्हणून लुकलुक दिसत नाही. स्वस्त एलईडी मात्र लुकलुकतो.
- त्या काळातल्या बॅलीच्या मशीनमध्ये खेळाचे दिवे एससीआर नावाच्या भागावर चालतात. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की एससीआर नीट चालू राहत नाही आणि दिवा फडफडतो. त्याला जोडीला रेझिस्टर लागतो, किंवा तशी सोय असलेला एलईडी.
- पांढराशुभ्र एलईडी लावला की जुनं चित्र निळसर, थंड दिसतं. काचेमागे पिवळसर पांढरा घ्या. लाल झाकणाखाली लालच एलईडी चांगला दिसतो.

काम करताना प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या, आधी फोटो काढा. होल्डर गंजला असेल तर तो साफ करा. होल्डर खराब असेल तर नवा एलईडीसुद्धा लुकलुकेल, आणि तुम्ही दोष एलईडीला द्याल.

काढलेले चांगले बल्ब फेकू नका. डब्यात ठेवा, वर नंबर लिहा. उद्या मशीन विकताना घेणारा म्हणू शकतो, "मला मूळ उजेडच हवाय."

हेच काम गिऱ्हाईकासाठी करत असाल तर

कोटेशनमध्ये फक्त बल्बची किंमत लिहू नका. होल्डर साफ करण्याचा वेळ, लुकलुक शोधण्याचा वेळ, वेगळे लिहा. नाहीतर बल्बवर कमावलेलं सगळं मजुरीत जातं आणि शेवटी तुमचीच बत्ती गुल!

गृहपाठ

तुमच्या दुकानातली एक जुनी वस्तू निवडा, जी तुम्ही "एकदाची बदलून टाकू" म्हणताय. फ्रिज असेल, पंखा असेल, काउंटरवरचे दिवे असतील. तीन रकाने करा : ती रोज किती खाते, ती दुसरं काय खराब करतेय, आणि तिचा कोणता भाग न बदलता चालेल. दुसऱ्या रकान्यात बहुतेकजण काहीच लिहीत नाहीत. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत, मोजा आणि मगच मोडा!